पिकांची हिरवाई जंगलाच्या खात्यावर

‘जगभर जंगलं नष्ट होत असताना भारत आणि चीनने ती वाढवली, खुद्द नासाने सांगितलंय’ हा मजकूर २०१९पासून एका हिरव्या नकाशासकट फिरतो आहे. नकाशा खरा आहे. त्याखालचं वाक्य खरं नाही.

‘नासाने जंगल मोजलं’ इथूनच चूक सुरू होते. नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस उपकरणाच्या नोंदींवरून संशोधकांनी मोजलं ते पानांचं क्षेत्रफळ. २००० ते २०१७ या काळात जगात ते सुमारे ५ टक्क्यांनी वाढलं. पान सागाचं की गव्हाचं, हे वेगळं तपासावं लागतं आणि त्याच अभ्यासाने ते तपासलंही आहे. भारतातल्या वाढीव हिरवाईपैकी ८२ टक्के शेतातली, जंगलातली फक्त ४.४ टक्के. विहिरी-बोअरवेलच्या पाण्यावर आणि खतांवर एकाच शिवारात दोन-दोन पिकं निघू लागली, त्याचा हा रंग. हे श्रेय शेतकऱ्याचं आहे, ते त्यालाच द्यावं. पण कापणी झाली की तेच रान उघडं पडतं, आणि त्याखालचं भूजल अनेक ठिकाणी खोल चाललंय.

‘भारत आणि चीन’ ही जोडीही टिकत नाही. जगातल्या निव्वळ वाढीत चीनचा वाटा २५ टक्के, भारताचा ६.८. चीनच्या वाढीतली ४२ टक्के जंगलातली. ढोबळ गुणाकार करून पाहा: जगाची वाढ १०० धरली तर चीनच्या जंगलांचा भाग साडेदहा, आपल्या जंगलांचा ०.३. यामागे चीनची धोरणं आहेत. १९७८पासून उत्तरेत वाळवंट रोखण्यासाठी झाडांचे पट्टे लावले गेले. १९९८च्या यांगत्से महापुरानंतर नैसर्गिक जंगलातली तोड आवरली, आणि १९९९पासून उतारावरची शेती सोडून झाडं लावणाऱ्यांना धान्य व पैसे दिले. अर्थात तिथेही बरीचशी लागवड एकाच जातीच्या झाडांची आहे. तिला जुन्या अरण्याची सर येत नाही.

‘सरकारी आकडाही २५ टक्क्यांवर गेलाय’ हा पुढचा मुद्दा. भारतीय वन सर्वेक्षण ही सरकारी संस्था देशाच्या भूभागापैकी किती भाग झाडांखाली आहे याचे अहवाल काढते. तिच्या २०२३च्या अहवालातले २५.१७ टक्के हे वनाच्छादन आणि त्याबाहेरची झाडं मिळून आहेत. नुसतं वनाच्छादन २१.७६ टक्के. आधीच्या वाढीतही मोजणीचा हात आहे. १९९९च्या अहवालात ६,३७,२९३ चौरस किलोमीटर असलेलं वनाच्छादन २००१मध्ये ६,७५,५३८ झालं. दोन वर्षांत एवढं रान उगवत नाही. आधी २५ हेक्टरपेक्षा लहान तुकडे मोजले जात नव्हते, मग एक हेक्टरचेही मोजले जाऊ लागले. जुने-नवे आकडे सरळ एकापुढे एक मांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायलाच हवं.

‘मग थोडी तोड झाली तर काय बिघडलं?’ हे मात्र सर्वांत घातक आहे. ब्राझील, इंडोनेशियातल्या जंगलांचं नुकसान या हिरवाईने भरून निघत नाही, असं याच संशोधकांनी स्पष्ट सांगितलंय. आणि आपल्याकडे वनाच्छादनाची व्याख्या काय? किमान एक हेक्टर जागा आणि झाडांच्या छत्राची किमान १० टक्के सावली. जमीन कोणाची, झाड कोणतं, हे बघितलं जात नाही. रत्नागिरीतली हापूसची बाग त्यात बसते, दोडामार्गातलं रबरही बसतं. उद्या एखादी देवराई तोडून तिथे काजू लावला आणि तो दाट वाढला, तर अहवालातला आकडा जागचा हलणार नाही.