आरोग्य समित्या गुंडाळाव्यात का? एका संदेशाचा प्रतिवाद

इंदूरच्या मराठी मंडळींत सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्याचे सार असे: गावोगावच्या आरोग्य समित्या हे परदेशातून आलेले खूळ आहे, अशिक्षित माणसांना औषधपाण्यातले काही कळत नाही, समित्या नुसत्या कागदावर असतात, तेव्हा त्या गुंडाळून तो पैसा डॉक्टर आणि औषधांवर खर्च करावा. या चार विधानांपैकी तिसरे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि त्याच्या आधारावर बाकीची तीन खपून जातात.

परदेशी खुळाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य आहे, असे प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या 1978 च्या आंतरराष्ट्रीय अल्मा-आटा जाहीरनाम्यात म्हटले आहे हे खरे. पण गावपातळीवर आरोग्य समित्या असाव्यात ही शिफारस ब्रिटिश सरकारने आपल्याकडच्या आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीने 1946 सालीच केली होती. महाराष्ट्रातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचे काम 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू केले, तेही अल्मा-आटाच्या आधीच.

इंदूरकराने तर हा आक्षेप घेऊच नये. 1994 साली सुरतेत प्लेग पसरला तेव्हा आपल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयातील उंदरांचा सुळसुळाट हा साऱ्या शहराच्या काळजीचा विषय झाला. जिल्हा प्रशासनाने रुग्णालय रिकामे करवून साफसफाई करून घेतली, शहराने देणग्या दिल्या, आणि त्या प्रयत्नातून रोगी कल्याण समिती, म्हणजे रुग्णालयाच्या कारभारावर देखरेख ठेवणारी समिती, जन्माला आली. पुढे ही रचना मध्य प्रदेशभर, अगदी प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत गेली आणि 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. (महाराष्ट्रात तिला रुग्ण कल्याण समिती म्हणतात, आपल्या तोंडी मात्र ‘रोगी’च बसले आहे.)

अशिक्षितांना काय कळते, या प्रश्नाचे उत्तर मोजून मिळालेले आहे. झारखंड आणि ओडिशातील तीन जिल्ह्यांत ‘एकजुट’ या संस्थेने महिलांचे गट बांधले. त्यांतल्या बहुतेक जणी आदिवासी होत्या आणि अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. दर महिन्याच्या बैठकीत चित्रे, गोष्टी आणि खेळ यांच्या आधारे त्या आपल्याच गावातील बाळंतपणांतल्या अडचणी मांडत आणि उपाय ठरवत. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तीन वर्षांच्या काळात गट असलेल्या भागांतील नवजात मृत्युदर इतर भागांपेक्षा 32 टक्क्यांनी कमी आढळला. बांगलादेशातील तशाच चाचणीत मात्र फारसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. तिथे लोकसंख्येच्या मानाने गट फार विरळ होते. म्हणजे तिथे कमी पडली ती गटांची संख्या. बायकांच्या अकलेला बोल लावण्यासारखे त्यात काही नव्हते.

आता कागदावरच्या समित्यांचा मुद्दा, ज्यात तथ्य आहे. बऱ्याच गावांत ग्राम आरोग्य समितीची बैठक म्हणजे रजिस्टरवरचे अंगठे आणि सह्या, आणि वर्षाकाठी मिळणाऱ्या अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायची मोकळीक असलेल्या) निधीचे काय झाले हे सदस्यांनाही ठाऊक नसते. इंदूरची आद्य समितीही निर्दोष नाही. तिने रुग्णांकडून शुल्क घेण्याची पद्धत रुजवली, जिच्यावर गरिबांच्या बाजूने रास्त टीका झाली, आणि सूत्रे अधिकाऱ्यांच्याच हाती राहिली. 2025 च्या सप्टेंबरात त्याच रुग्णालयात उंदरांनी चावा घेतलेली दोन नवजात बालके दगावली. संदेशाचा लेखक यावरून समित्या निरुपयोगी ठरवील. मला मात्र यातून समितीत लोकांचे नाव उरले आणि अधिकार उरला नाही, एवढेच दिसते. ब्राझीलने 1990 च्या कायद्याने आरोग्य परिषदांमधील निम्म्या जागा सेवा घेणाऱ्या नागरिकांसाठी ठेवल्या आणि या परिषदांना धोरणासोबत खर्चावरही लक्ष ठेवण्याचा अधिकार दिला. तिथेही सगळे आलबेल नाही, पण आपल्याकडे निदान तेवढे तरी करून पाहिलेले नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. डॉक्टर आणि औषधे हवीतच, त्याबद्दल वाद नाही. मात्र गावाच्या समितीचा मूळ अबंधित निधी वर्षाला 10,000 रुपये इतकाच; त्यातून एका डॉक्टरचा महिन्याचा पगारही निघत नाही. शिवाय औषध उपकेंद्रात पोहोचले म्हणजे माणसापर्यंत पोहोचले असे होत नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूर या आदिवासी भागातली कितीतरी कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि भगोरियाच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी उत्सवाच्या, सुमारास गावी परततात. एरवी ठरलेल्या तारखेला लस घेऊन एएनएम (उपकेंद्राची परिचारिका) फाळ्यावर, म्हणजे वस्तीवर, पोहोचते तेव्हा निम्म्या घरांना कुलूप असते. तारीख केव्हाची ठेवावी, हे भोपाळच्या वेळापत्रकात लिहिलेले नसते. ते फाळ्यावरच विचारावे लागते.