बोटभर यंत्र, हातभर हिशेब

काडेपेटीएवढा म्युझिक प्लेअर. बटणं पाच, भोकं दोन. तो निवडायला किती वेळ लागावा? माझा अंदाज एक अख्खा रविवार, आणि त्यातला निम्मा वेळ खातं ते ‘गाणी’ हे माप.

खोक्यावर ऐटीत छापलेलं असतं : ८ जीबी, २००० गाणी. मीटर, किलो, लिटर यांच्या पंगतीत ‘गाणं’ कधी येऊन बसलं कोण जाणे! खोक्यावरचं गाणं चार मिनिटांचं असतं आणि १२८ केबीपीएसला (सेकंदाला इतके किलोबिट) दाबलेलं. म्हणजे मिनिटाला साधारण एक एमबी, गाण्याला चार. काही खोकी याहून बिलंदर. ती ६४ केबीपीएस धरतात, की त्याच ८ जीबीत ४००० गाणी. तुमच्याकडची गाणी ३२०ची असतील तर एकेक साडेनऊ एमबीचं, आणि फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेली) असतील तर पंचवीस-तीसचं. मग २००० गाण्यांची तीनशेच उरतात. चाळीस मिनिटांचा ख्याल तर खोक्याच्या हिशेबाने दहा गाणी आहे. शिवाय ते ८ जीबी कंपनीचे. कॉम्प्युटर त्याच जागेला ७.४५ म्हणतो, कारण कंपनी हजाराने मोजते आणि तो १०२४ने. त्यातूनही प्लेअरची स्वतःची सिस्टिम आपला वाटा काढून घेते.

म्हणून मी गाणी सोडून देतो आणि किमतीला जीबीने भागतो. हा भागाकार दिसायला फार प्रामाणिक. लबाडी त्याच्या पोटात. २००५च्या जानेवारीत ॲपलचा आयपॉड शफल हा प्लेअर आला : ५१२ एमबी ९९ डॉलरला, १ जीबी १४९ला. त्याच वर्षी सप्टेंबरात आयपॉड नॅनो आला : २ जीबी १९९ला, ४ जीबी २४९ला. दोन्हीकडे मोठ्या भावासाठी वरचे पन्नासच डॉलर. पण जानेवारीत त्या पन्नासात अर्धा जीबी वाढत होता, सप्टेंबरात दोन. मोठा घेतला की जीबीमागे स्वस्त पडतो, याचं कारण साधं आहे. डबी, बॅटरी, चिप, बटणं यांचा खर्च लहान-मोठ्या दोघांनाही सारखाच. वाढते ती फक्त मेमरी. भागाकार मात्र हा सगळा खर्च जीबीच्या नावावर टाकतो आणि बिचाऱ्या लहान मॉडेलला महागडा ठरवतो. (१९९८चा रिओ पीएमपी३०० हा प्लेअर या भागाकाराला देऊ नये. ३२ एमबी, २०० डॉलर. आठ गाणी मावायची. एका गाण्याच्या मुक्कामाचं भाडं २५ डॉलर.)

बरं, मेमरी कार्डाची खाच असली की हा भागाकारच निकालात निघतो. कमी मेमरीचा प्लेअर घ्यायचा आणि वर कार्ड टाकायचं. पण मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. साधे प्लेअर बहुतेक ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड ओळखतात. ६४चं कार्ड येतंच एक्सफॅट फॉरमॅटमध्ये, म्हणजे फाईली मांडायच्या नव्या पद्धतीत. ते घातलं की प्लेअर ‘कार्ड नाही’ म्हणून मोकळा. जुन्या फॅट३२ पद्धतीत फॉरमॅट केलं की पुष्कळदा चालतं, पण चालेलच असं नाही. अति स्वस्त कार्डात आणखी एक गंमत : अंगावर ६४, आत ८. तरी कॉपी निमूट होते, तक्रार नाही. मग गाणी मध्येच कुरकुरतात, तुटतात, किंवा भलतंच गाणं लागतं. एच२टेस्टडब्ल्यूसारख्या प्रोग्रामने कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघावं. ६४ जीबी सेकंदाला १० एमबीने भरायचे तर नुसतं लिहायलाच पावणेदोन तास. रविवार गेला म्हणतो तो असा.

किमतीत न दिसणारी दुसरी गोष्ट इयरफोन. २००९च्या शफलने डबीवरची बटणं काढून इयरफोनच्या वायरीवर नेली. वायर तुटली आणि हाताशी असेल तो साधा इयरफोन लावला, की गाणं वाजायचं. पण पुढचं लावता येईना, आवाजही कमी होईना. यंत्र ठणठणीत, पण ऐकत नाही. बॅटरीचंही तसंच. खोक्यावरचे तीस तास स्क्रीन बंद आणि आवाज बेताचा ठेवून मोजलेले असतात. शिवाय ती आत डकवलेली. तीन-पाचशे चार्जिंगनंतर दम कमी होतो, आणि बदलायला निघालात तर मजुरी प्लेअरच्या वर.

हे सगळं जुळवून प्लेअर घेतला, गाणी भरली, आणि ती भलत्याच क्रमाने वाजू लागली, तर दुकानदाराशी भांडू नका. स्वस्त प्लेअर नावाचा क्रम पाहत नाही. फाईल ज्या क्रमाने कार्डावर उतरली त्या क्रमाने वाजवतो. ०१, ०२ असे आकडे देऊनही ढीग एकदम ओढून टाकला तर क्रम बिघडू शकतो. फोल्डर रिकामा करून गाणी एकेक टाकावीत, किंवा फॅटचा क्रम लावणारा छोटा प्रोग्राम चालवावा. टॅग (फाईलीत लिहिलेलं गाण्याचं, गायकाचं नाव) आयडी३ या पद्धतीच्या २.३ आवृत्तीत ठेवले तर जास्त प्लेअरना वाचता येतात. प्लेअरमध्ये देवनागरी फाँटच नसेल तर मात्र त्याचाही उपयोग नाही. तेव्हा घेण्याआधी एक मराठी नावाचं गाणं टाकून स्क्रीन जरूर बघावा. नाहीतर पुढची चार वर्षं ‘चौकोन चौकोन चौकोन’ हे गाणं झाल्यावर ‘चौकोन चौकोन’ लागायची वाट बघायची.