४३ विरुद्ध २: त्या कौतुकाच्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यापासून आमच्या बीड जिल्ह्यातल्या क्रीडा शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. तिथून तो पालकांच्या ग्रुपवर गेला आणि फिरून परत आमच्याकडे आला. विषय आहे तालुकास्तरीय शालेय खो-खो स्पर्धेतला चौदा वर्षांखालील मुलींचा एक सामना. निकाल ४३ विरुद्ध २. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: एवढ्या फरकाने जिंकणाऱ्यांवर टीका करणाऱ्यांना खेळ कळत नाही. सगळं नियमात बसून झालं. सपाटून मार खाल्ल्यानेच पोरं घडतात. दया दाखवणं हा समोरच्याचा अपमान असतो. मध्येच थांबलं तर आपल्या खेळाडूंची धार जाते. आणि ज्यांची तयारी नाही त्यांनी मैदानात उतरूच नये.

त्या सामन्याला मी पंच होतो, म्हणून लिहितोय. दोन्ही शाळांची नावं लिहिणार नाही, लेकरांची तर नाहीच.

आधी नियमाचं बोलतो, कारण मेसेज लिहिणाऱ्याने अर्धाच नियम सांगितला आहे. या वयोगटात आक्रमणाची एक पाळी सात मिनिटांची असते. संरक्षणाच्या नऊ मुली तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. नऊच्या नऊ बाद झाल्या आणि वेळ उरला, तर पहिली तुकडी पुन्हा आत. त्या दिवशी पहिल्या सात मिनिटांत २२ गडी बाद झाले. म्हणजे सगळ्या नऊ जणी दोन-दोनदा बाद होऊन पहिल्या तुकडीतल्या तिघी तिसऱ्यांदाही बाद झाल्या. वरून आणखी एक. उत्तरादाखल त्या पोरींनी सात मिनिटं पळून एक गडी मारला. पहिला डाव २२–१.

आता इथे खो-खोचा नियम काय सांगतो? ठरलेल्या गुणांची आघाडी असेल तर आघाडीवरच्या संघाला फॉलोऑन देता येतो. मागे पडलेला संघ लगेच पुन्हा आक्रमणाला येतो आणि त्यालाही आघाडी फिटली नाही, तर सामना तिथेच संपतो. पेपरात आपण ‘एक डाव आणि अमुक गुणांनी विजय’ असं वाचतो, तो हाच. क्रिकेट बघून बघून फॉलोऑन म्हणजे शिक्षा असं आपल्या डोक्यात बसलंय. खो-खोत त्याचा अर्थ जवळजवळ उलटा होतो: हरणाऱ्या पोरींना परत सात मिनिटं बाद होत राहावं लागत नाही आणि जिंकणाऱ्या पोरींची एक पाळी वाचते. तालुक्याच्या स्पर्धा एका दिवसात उरकायच्या असतात, दुपारी पुढची फेरी असते. तेव्हा वाचलेली पाळी म्हणजे पोरींच्या पायात उरलेली ताकद. शिवाय आक्रमण करणाऱ्या संघाच्या कर्णधाराला आपली पाळी वेळेआधी संपवायचाही अधिकार आहे. पंचाला सांगायचं, पाळी संपली.

त्या दिवशी या दोन्ही वाटा उघड्या होत्या. जिंकणाऱ्या संघाच्या सरांनी फॉलोऑन दिला नाही. त्यांनी दुसरं आक्रमण घेतलं आणि आणखी २१ गडी मारले. कोणताही नियम मोडला नाही, हे मला मान्य आहे. पण ज्या पुस्तकाचा दाखला तुम्ही देताय, त्याच पुस्तकाने थांबायची सोय दिलेली होती आणि ती निवड मैदानाबाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाची होती. बरं, आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. ४३–२ ने जिंका नाहीतर ५–४ ने, पुढच्या फेरीत दोन्ही सारखंच. साखळी सामने असते, गुणफरकावर क्रमांक ठरणार असता, तर मी त्या सरांची बाजू समजून घेतली असती. इथे त्या २१ गुणांचा उपयोग एकच झाला, मेसेज लिहायला.

मार खाऊन पोरं घडतात, हे दुसरं. आपल्याकडे यात्रेच्या फडात काय चालतं ते आठवा. माळेगावच्या यात्रेत म्हणा, नाहीतर गावच्या ऊरुसात. सगळ्यात आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या, बारक्या पोरांच्या. हलगी वाजत असते, बाप लोक आपापल्या पोराला पुढे ढकलत असतात आणि फडातली जाणती माणसं जोड लावतात. पोराच्या खांद्यावर हात ठेवून, मनगट धरून बघतात. तोलामोलाची जोड नसेल तर बाप कितीही हट्ट करो, पोराला बाजूला बसवतात. त्या माणसांना कुस्ती कळत नव्हती असं कोण म्हणेल? ज्या मराठवाड्याने हरिश्चंद्र बिराजदार, काका पवार, राहुल आवारे दिले, तिथे लहान पोराची विजोड कुस्ती लावणं हा जोड लावणाऱ्याचा कमीपणा मानतात.

मॅटवरच्या कुस्तीतही तेच. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते, ग्रीको-रोमनमध्ये आठची. ऑलिंपिकलाही हाच नियम. जगातले सगळ्यात कणखर पैलवान जिथे दहा गुणांवर थांबतात, तिथे बारा-तेरा वर्षांच्या पोरींनी ४३ सोसल्याशिवाय त्या घडणार नाहीत, हे कुठलं शास्त्र?

हरण्यातून पोर शिकतं, मी नाही म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या पोरी कितीदा तरी एका गुणाने हरल्या आणि रात्री जीपमध्ये त्यांनी आपसात भांडून ठरवलं की कुठला खो उशिरा गेला, कुणी पाटी चुकवली. त्या पराभवात हाताला लागेल असं काहीतरी होतं. जी मुलगी आत आल्यावर वीस सेकंदांत बाद होते, परत येते, परत बाद होते, ती काय शिकणार? तिसऱ्यांदा आत येताना पहिल्या तुकडीतल्या एकीने माझ्याजवळ थांबून विचारलं, “सर, आजून किती येळ हाय?” मी सांगितलं, “दीड मिनिट, बाई.” पंच म्हणून मला तेवढंच करता येत होतं. ती पाय ओढत आत गेली. वाचायसाठी पळणाऱ्या पोरीचे पाय आणि वेळ संपायची वाट बघणाऱ्या पोरीचे पाय वेगळे पडतात. मैदानावर वर्षं काढलेल्या कुणालाही ते लांबून ओळखू येतात.

दया म्हणजे अपमान, या मुद्द्यावर मात्र मी मेसेजशी अर्धा सहमत आहे. मुद्दाम संथ पळणं, हाताशी आलेल्या पोरीला हसत हसत सोडून देणं, उगाच फाऊल करत बसणं, हा खरोखर अपमान आहे. समोरच्या लेकराला ते लगेच कळतं. मी असं करणाऱ्या माझ्या मुलींना बाहेर बसवलेलं आहे. पण त्या दिवशी असं करायला कुणी सांगतच नव्हतं. बाहेर राखीव मुली गणवेशात बसून होत्या. त्यांच्यातली एकही दोन्ही डावांत मैदानात आली नाही. त्यांना उतरवायचं आणि पूर्ण जोर लावून खेळू द्यायचं. त्यांच्यासाठी तो खरा सामना झाला असता, समोरच्यांसाठीही. नेहमी खांबाजवळ बसणाऱ्या मुलीला मधल्या चौकोनात बसवायचं, कच्च्या मुलीकडून आक्रमण सुरू करायचं. यात खोटं खेळणं कुठे आलं? आणि फॉलोऑन देऊन एका डावाने जिंकणं हा तर आपल्या खेळातला मानाचा विजय. त्यात समोरच्याचाही मान राहतो.

धार जाण्याची भीती घालणाऱ्यांना मी दोन सामने आठवून देतो, दोन्ही आपल्याच राज्यातले.

जानेवारी २०१६, कल्याण. शालेय क्रिकेटमध्ये प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने नाबाद १,००९ धावा केल्या. ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ सालचा नाबाद ६२८ चा विक्रम मोडला. त्याच्या शाळेने ३ बाद १,४६५ वर डाव सोडला. समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत आटोपला. त्या संघात बरीच मुलं वयाने लहान होती, हे तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. त्या पोराला मी कणभरही दोष देत नाही, त्याला बॅट दिली आणि त्याने ती चालवली. पण हजार धावांनी त्याची धार वाढली का? मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला शिष्यवृत्ती दिली आणि पुढच्याच वर्षी, अपेक्षेसारखा खेळ होत नाही म्हणून, वडिलांनी ती थांबवायला सांगितलं. देशभराच्या अपेक्षा त्या एका सामन्याने एका शाळकरी पोराच्या खांद्यावर टाकल्या. विजोड सामना जिंकणाऱ्यालाही महागात पडतो तो असा.

दुसरा नोव्हेंबर २०१९ चा, मुंबईच्या शालेय क्रिकेटची हॅरिस शील्ड. एक संघ सात धावांत बाद. दहाही फलंदाज शून्यावर, सातही धावा अवांतर. समोरच्यांच्या ७६१ धावांतल्या १५६ धावा दंडाच्या होत्या, कारण पोरांनी ठरल्या वेळेत षटकं पूर्ण टाकली नव्हती. नियम जसाच्या तसा लावला की लेकरांच्या खेळात काय होतं, त्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. नियम मोठ्यांच्या वेळकाढूपणासाठी केला असेल. लागला तो चेंडू आणायला सीमारेषेपलीकडे पळून दमलेल्या पोरांना.

आणि आपल्या खो-खोचं म्हणाल, तर जिच्या समोरची एकेक मुलगी वीस सेकंदांत बाद होते तिला सूर मारायची वेळच येत नाही. खांबावर वाकून पाठीमागची मुलगी टिपायची वेळ येत नाही. त्या ४३ गुणांत सूर मारून मिळवलेले किती होते, ते मी जवळून पाहिलं आहे. धार सहाणेवर लागते, लोण्यावर नाही.

ग्रुपवर एका मित्राने २०२५ च्या जानेवारीतल्या विश्वचषकाचा दाखला दिला. दिल्लीत आपल्या महिलांनी दक्षिण कोरियाला १७५–१८ ने हरवलं, तेव्हा कुणी रडलं का? तो सामना मीही टीव्हीवर बघितला आणि छाती भरून आली. पण कोरियाच्या त्या सज्ञान बाया होत्या, आपल्या देशाचा गणवेश घालून, कळून सवरून नव्या खेळाच्या पहिल्या विश्वचषकाला आल्या होत्या. त्यांच्या पाठीशी संघटना होती, हरल्यावर परत जायला सराव शिबिर होतं. पाटीवरचे आकडे सारखे दिसले म्हणून त्यांची आणि सातवीतल्या मुलीची गोष्ट सारखी होत नाही.

आता शेवटचा मुद्दा. हा वाचला तेव्हा मला रात्री झोप लागली नाही.

तयारी नसेल तर उतरू नका. ज्या शाळेबद्दल हे लिहिलंय ती जिल्हा परिषदेची आहे. तिथे क्रीडा शिक्षक नाही, गणिताचे सर घड्याळ घेऊन उभे राहतात. मैदान काळ्या मातीचं, पाऊस पडला की आठ दिवस पाय रुतणार. खांब म्हणून सरांनी बाभळीची दोन लाकडं रोवली आहेत. संघातल्या पाच जणी ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या. दिवाळी झाली की आई-बाप कारखान्याला निघतात. पोरगी हंगामी वसतिगृहात राहिली तर शाळेत, नाहीतर कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत. वर्षातले चार-पाच महिने सराव होणार कसा? तरी त्या आल्या. काळी-पिवळीत दाटीवाटीने बसून सकाळी सातला मैदानावर हजर. निम्म्या अनवाणी. त्यांच्या सरांनी प्रवेशिका भरली, ओळखपत्रांवर सही-शिक्के आणले, गाडीचं भाडं खिशातून दिलं. जिंकणाऱ्या संघाच्या मागे शहरातला क्लब आहे, रोज दोन वेळचा सराव आहे. त्याचा मला आनंदच आहे, तसे क्लब अजून व्हावेत. पण हा फरक त्या मुलींच्या मेहनतीचा नाही.

धाराशिवची सारिका काळे २०१६ ला दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती. २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला बावीस वर्षांनी. मराठवाड्यातल्या मुलींना हा खेळ परवडतो, कारण त्याला बॅट लागत नाही, बूट लागत नाहीत. तयारी असलेल्यांनीच यायचं ठरवलं तर तालुक्याला चार संघ उरतील आणि तेच चार एकमेकांशी खेळत बसतील. वाड्या-वस्त्यांवरून पोरी येतात, म्हणून या खेळाला मुळं आहेत.

सामना संपल्यावर दोन्ही संघांनी हात मिळवले. जिंकलेल्या कर्णधार मुलीने स्वतःहून आपली पाण्याची बाटली समोरच्या कर्णधाराला दिली. मेसेजमध्ये याचा उल्लेख नाही. त्या मुलींना समोरचं माणूस दिसत होतं. त्यांना दुसरं आक्रमण घ्यायला कुणी सांगितलं, हे तुम्ही आम्ही सगळे जाणतो.

पुढच्या हंगामाआधी तालुक्यातल्या शिक्षकांची बैठक होते, तिथे मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक, चिठ्ठ्या टाकताना गेल्या वर्षी अंतिम चारमध्ये आलेले संघ आणि पहिल्यांदा आलेले संघ पहिल्याच फेरीत समोरासमोर येणार नाहीत अशी मांडणी करावी. दोन, चौदा वर्षांखालच्या गटात आघाडी असेल तर फॉलोऑन द्यायचाच, असं आपण सगळ्यांनी आपसात ठरवावं. कागदावर नाही आलं तरी चालेल, शब्द पुरे. तो मेसेज लिहिणारे सरही त्या बैठकीला असतात. त्यांचं म्हणणं मी तिथे पूर्ण ऐकून घेईन.