पोटदुखीला लगेच ‘गॅस’ म्हणून मोकळे होऊ नका

सर्जरी वॉर्डात काम करणारी नर्स म्हणून हे लिहितेय. अचानक जोरात पोट दुखायला लागलं की घरचे गॅस म्हणतात, हे समजू शकते. पण आम्ही स्टाफनेच तसं धरून चाललो की पेशंटकडे नीट बघणंच थांबतं.

माझं लक्ष आधी तो झोपलाय कसा याकडे जातं. गडाबडा लोळतोय, कुठल्याच कुशीवर चैन नाही, तर मुतखड्याची शंका येते. आणि जो निपचित पडलाय, खोकायलाही घाबरतो, कॉटला नुसता धक्का लागला तरी कळवळतो, त्याची मला जास्त धास्ती वाटते. आतडं किंवा अल्सर फुटून पोटभर सूज पसरली असेल तर माणूस असाच पडून राहतो. ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात आणि हा शांत आहे म्हणून मागे राहतो!

‘कुठे दुखतंय’ एवढंच विचारून भागत नाही. अपेंडिक्सचं दुखणं बऱ्याचदा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं. ते एकदम कमी झालं तर नातेवाईक खूश होतात, पण अपेंडिक्स फुटल्यावरही थोडा वेळ बरं वाटू शकतं. चाळिशीपुढच्या माणसाचं, त्यातून शुगर असेल तर, पोट वरच्या बाजूला दुखून घाम फुटला की आधी ईसीजी काढायला हवा. हार्ट अटॅकही असा येतो.

बायकांना पाळीची तारीख विचारताना नातेवाइकांना बाहेर पाठवा. सासूसमोर किंवा वडिलांसमोर कुठली मुलगी खरं सांगेल? गर्भ गर्भाशयाऐवजी त्याच्या बाजूच्या नळीत राहून ती नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो, कधी खांदाही दुखतो. तरुण मुलीचं बीपी बराच वेळ टिकून राहतं, नाडी मात्र आधीच पळायला लागलेली असते. म्हणून लग्न झालेलं असो वा नसो, डॉक्टरांना सांगून लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करून घ्याच.

दुखणं थांबवलं तर निदान चुकेल, या जुन्या समजुतीपायी पेशंटला तासन्‌तास तळमळत ठेवणं मला पटत नाही. वेदनाशामक दिल्याने निदान बिघडत नाही, हे केव्हाच अभ्यासातून दिसलंय. डॉक्टरांकडून ऑर्डर मागून घ्या, इंजेक्शन द्या आणि अर्ध्या तासाने पुन्हा जाऊन विचारा.

नातेवाइकांना हात जोडून सांगते, डॉक्टर बघेपर्यंत चहाचा घोटही देऊ नका. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. एरंडेल नको, एनिमा नको, बेंबी सरकली म्हणून पोट चोळणं तर अजिबात नको.

आणि हे सगळं एकदा बघून संपत नाही. नाडी, बीपी, ताप, लघवी किती झाली, पोट फुगतंय का, हे पुन्हा पुन्हा बघून वेळेसकट लिहावं लागतं. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर ठेवून हे होत नाही. सर्जरी वॉर्डात रात्री निदान दोघी तरी हव्यात, आणि ही मागणी फक्त आम्हा नर्सेसची राहू नये.