सहावीचा परिपथ अन् मामांचा ट्रॅक्टर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २२ वर्षं विज्ञान शिकवतोय. सेल, बल्ब, स्विच, दोन वायरी, परिपथ पूर्ण झाला की बल्ब लागला. हे चित्र फळ्यावर इतक्या वेळा काढलंय की आता झोपेत काढलं तरी वायर तुटायची नाही. म्हणून मे महिन्यात आत्या म्हणाली, "बाळा, मामांचा ट्रॅक्टर शेडात पडलाय, बघ की सुरू होतोय का," तेव्हा मी "त्यात काय एवढं" म्हणून मोकळा झालो.

ट्रॅक्टर भूकंपाच्या आधीचा. आमच्या लातूरकडं वस्तूचं वय असंच सांगतात, १९९३ चा भूकंप मधे धरायचा अन् ह्या अंगाचं का त्या अंगाचं एवढंच बोलायचं. दोन सिलेंडरचं डिझेल इंजिन, उंची माझ्या छातीएवढी. दोन एकर केशर आंब्यात मोठा ट्रॅक्टर घातला की फांद्या मोडतात म्हणून मामांनी हा बुटका आणला होता, अन् मामा गेल्यापासून चार वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे माणसानं. उंदरांनी भरपूर लावला होता.

बॉनेट उघडलं तर आत तुरीच्या भुसकटाचं घरटं, अन् त्याच्या खाली वायरी. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात पण तिथं निदान कुठला रस्ता कुठं जातोय ते विचारायला पानवाला तरी असतो. इथं एक निळी वायर मडगार्डात शिरून संपली, दुसरी पिवळी सीटखाली जाऊन परत आली, जणू काही विसरलं होतं. आत्या ओसरीत सूप घेऊन ज्वारी पाखडत होती, ती तिथूनच सांगायची. निळी टेपची, टेप लावल्याशिवाय त्यांना नांगरट जमायची नाही. पिवळी पंख्याची, सीटसमोर पंखा बसवलता, दोन दिवस चालला. ती जाड काळी ट्रॉलीच्या लायटिंगची, तुझ्या ताईच्या लग्नात वरात ह्याच ट्रॅक्टरवर निघाली होती. कंपनीची वायरिंग शोधायची तर आधी मामांचं अख्खं आयुष्य बाजूला सारायला लागत होतं, अन् चिकटपट्टी तर काय विचारू नका, निम्मी बॉडी चिकटपट्टीची.

बॅटरी जुनी मेलेलीच होती, नवी १२ व्होल्टची आणली. जुनी काढताना पहिली चूक. आधी मायनस काढायचा असतो, कारण मायनस बॉडीला जोडलेला असतो अन् प्लस काढताना पाना बॉडीला टेकला की सरळ शॉर्ट. हे मला माहीत होतं, पण दोन्ही केबल लालच होत्या. मामांनी लाल केबल मिळाली म्हणून लालच लावली असणार, माणूस रंगाला भुलणारा नव्हता. मी पहिली जी हाताला लागली ती सोडवायला घेतली, पाना बॉनेटला टेकला अन् चट्ट करून असली ठिणगी उडाली की मेलेली म्हणून टाकलेली बॅटरी पण मला तेवढं पुरून उरली. पुतण्या हसून हसून लोळला. तो माझाच विद्यार्थी.

मग शेजारचे आबा आले. "गुरुजी, काय करू लालाव? जुन्या गाड्यात उलटं असतंय बगा, प्लस बॉडीला." आता हे खोटं नाही, जुन्या इंग्लिश गाड्यांत अन् ट्रॅक्टरांत प्लस बॉडीला असायचाच. पण माझी झोप उडाली. नवी बॅटरी उलटी लागली तर काय काय जळंल हे मी रात्रभर मोजत पडलो. सकाळी उठून नीट बघितलं. बॅटरीचा प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो, अन् केबलची क्लॅम्पं पण त्याच मापाची, बारकं क्लॅम्प बॉडीकडं गेलेलं. मीटर लावला तर उणे १२.६. परत घाम. मग कळलं की वायरी मीच उलट्या धरल्यात. सुलट धरल्यावर अधिक १२.६, म्हणजे बॅटरी भरलेली अन् मायनस बॉडीला. आबांना सांगितलं तर म्हणाले, "मग मी काय म्हणलो?"

टर्मिनलवर हिरवट-निळा मोहोर आला होता, तो गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशनं धुतला. धुताना जीव तुटला, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यानं बघितलंय त्याला तांब्याभर पाणी पण असं मातीत जाताना बघवत नाही. वरून व्हॅसलीन लावलं. ते बायकोचं होतं, पण तो विषय वेगळा.

डॅशबोर्डवर एक गोल जाळी होती, आत स्प्रिंगसारखी तार. पुतण्या म्हणाला बिडी पेटवायची सोय. मला पण तेच वाटलं, मामा बिडी ओढायचे. किल्ली डावीकडं फिरवून धरली तर पंधरा-वीस सेकंदांत तार लालबुंद अन् अँपिअरचा काटा मायनसकडं झोपला. मग मिस्त्रीला फोन केला तेव्हा कळलं, तो हीटरचा इंडिकेटर. सिलेंडरमधले हीटर प्लग तापले की इथं तार लाल होते, मग सेल्फ मारायचा. बिडी पण पेटते म्हणाला.

सेल्फ मारला. कट. परत मारला. कट कट कट. आता सगळे बॅटरीला शिव्या द्यायला लागले, आबा तर दुकानदाराच्या घराण्यावर गेले. पण इथं माझं विज्ञान कामाला आलं, हे मी मुद्दाम सांगतोय कारण पुढं फार काही सांगण्यासारखं नाही. पुतण्याला सेल्फ मारायला बसवलं अन् मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. तिथं अर्धा व्होल्ट सुद्धा दिसायला नको, इथं आकडे नाचत होते पण सात-आठच्या खाली येईनात. म्हणजे करंट सेल्फपर्यंत जायच्या आधीच अर्थिंगमधे मरत होता. अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीचा मायनस बॉडीला जोडणारी, सोडवली तर खाली निळ्या पेंटचा जाड थर. मामांनी पोळ्याला बैलांसोबत ट्रॅक्टर पण रंगवला होता अन् रंगावरच पट्टी आवळली होती, आत्यानं वर्ष सुद्धा सांगितलं. पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासलं, पट्टी आवळली, सेल्फ मारला अन् इंजिन असं घरंघरं फिरलं की शेडातली कबुतरं उडाली.

फिरलं, पण सुरू झालं नाही. सायलेन्सरमधून धुराचा टिपूस नाही. फिल्टरची हवा काढली, डिझेल तर बदाबदा येत होतं. दोन दिवस हेच. मी येणार, डॅशबोर्डखालचा एक काळा नॉब ओढणार, तो तीन इंच बाहेर येऊन तिथंच राहायचा, त्याला पान्यांची पिशवी अडकवणार अन् कामाला लागणार. एवढ्या अनोळखी पार्टांत तो एकच मला उपयोगाचा वाटला होता.

तिसऱ्या दिवशी ज्वारी संपली म्हणून आत्या सूप ठेवून शेडात आली. म्हणाली, "बाळा, हे ओढून का ठेवलायस? मामा ट्रॅक्टर बंद करायला ओढायचे ते."

मी पिशवी काढली. नॉब आत ढकलला. हीटर, तार लाल, सेल्फ. पहिल्या झटक्यात काळा धूर अन् टुक टुक टुक टुक. आत्यानं पदर डोळ्याला लावला, धुरानं का कशानं ते विचारलं नाही.

"आधी का नाही सांगितलं गं?"

"मला वाटलं तू शिकलेला आहेस, मुद्दाम ठेवला असशील."

अर्ध्या तासानं किल्ली बंद केली तरी ट्रॅक्टर आपला टुक टुक चालूच. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो, किल्लीनं काय बंद होणार, हे मी पोरांना शिकवतो. तरी मी किल्ली काढून हातात घेऊन तसाच उभा.

आत्या ओसरीतून ओरडली, "पिशवी अडकव की!"