‘शूऽ, बाळ झोपलंय!’ म्हणणं बंद करा

दुसरं बाळ घरी आलं की पहिल्या पंधरवड्यात त्या घरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘शूऽ’. आजी म्हणते, बाबा म्हणतो, मालिशवाल्या मावशी म्हणतात, बाळ बघायला आलेली शेजारीणसुद्धा म्हणते. आणि तो शब्द असतो एकाच माणसासाठी: घरातल्या अडीच-तीन वर्षांच्या मोठ्या भावंडासाठी. नुकतंच सलग वाक्यांत बोलायला लागलेलं आणि दिवसभर ‘का?’ विचारत फिरणारं ते पोर.

माझं मत सरळ आहे. या ‘शूऽ’चा बाळाच्या झोपेला फारसा उपयोग नाही आणि मोठ्याला मात्र तो नक्की बोचतो. म्हणून तो थांबवावा. आता कसा थांबवायचा, ते सविस्तर लिहितो.

आधी बाळाची बाजू. पोटातलं बाळ साधारण सातव्या महिन्यात बाहेरचे आवाज ऐकायला लागतं. आईच्या पोटात काही शांतता नसते. रक्ताच्या प्रवाहाचा, आतड्यांचा आवाज सतत चालू असतो आणि वरून आईचं बोलणं. म्हणजे या मोठ्या पोराची बडबड बाळाने जन्माआधीच दोन-अडीच महिने ऐकलेली असते. नवजात बाळ २४ तासांत १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांत, आणि त्यातली निम्मी झोप हलकी असते. या हलक्या झोपेत ते कुंथतं, तोंड वेडंवाकडं करतं, हसतं, हातपाय झाडतं, कधी डोळेही किलकिले करतं. नेमकं तेव्हा कुणीतरी मोठ्यावर खेकसतं, ‘बघ, उठवलंस ना!’ खरं तर बाळ उठलेलंच नसतं. दोन मिनिटं हात न लावता नुसतं बघा. बऱ्याचदा ते परत गाढ झोपतं. आपणच घाईने उचलून त्याला उठवतो आणि आळ येतो मोठ्यावर.

बाळ दचकतं ते अचानक आणि मोठ्या आवाजाने: पातेलं पडलं, दार आपटलं, कानाशी किंकाळी फोडली. ही दचकायची सवय चारेक महिन्यांत जाते. चालू असलेल्या बोलण्याला ते सरावतं. शिवाय दिवसा पडदे ओढून घर चिडीचूप ठेवलं तर बाळाला दिवस कोणता आणि रात्र कोणती हे कळायला मदत होत नाही. त्याचं आतलं घड्याळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर हळूहळू लागायला सुरुवात होते. तोवर दिवसा उजेड आणि घरचे नेहमीचे आवाज, रात्री अंधार आणि हळू बोलणं, हा फरक दिसू द्यावा. हे सगळं पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाबद्दल आहे. दिवस भरायच्या आधी झालेल्या किंवा काचेच्या पेटीतून घरी आलेल्या बाळासाठी आपल्या डॉक्टरांचं ऐका. आणि चार महिन्यांनंतर बाळ आजूबाजूला बघायला लागतं, तेव्हा दिवसातली एखादी झोप खरंच शांत खोलीत लागते. तेवढी एकच राखा.

किंकाळ्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. तीन वर्षांच्या मुलाला ‘हळू बोल’ कळत नाही, कारण ‘हळू’ म्हणजे किती हे त्याला माहीत नसतं. त्याऐवजी तीन आवाज शिकवा: मुंगीचा, मांजराचा, हत्तीचा. बाळाच्या खोलीत मांजराचा, गॅलरीत किंवा खाली बागेत हत्तीचा, रात्री मुंगीचा. दिवस भरत आले असताना, म्हणजे बाळ यायच्या आधी महिनाभर, हा खेळ चालू केलात तर उत्तम. नंतर नुसतं ‘मांजर’ एवढं म्हटलं तरी चालतं. हत्तीचा आवाज रोज एकदा तरी काढू द्या; नाहीतर तो संध्याकाळी चुकीच्या जागी बाहेर पडतो.

आता खरा अवघड भाग: अंगावर पाजण्याची वेळ. पहिल्या दीड-दोन महिन्यांत बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पितं, एका वेळेला वीस ते चाळीस मिनिटं. म्हणजे आई दिवसातून कितीतरी तास एका जागी अडकलेली. मोठं मूल नेमकं तेव्हाच शू आली म्हणतं, पाणी सांडतं, कपाटावर चढतं. ते मुद्दाम त्रास देत नसतं. आईचे हात बांधलेले आहेत हे त्याला कळतं आणि ती अजून आपली आहे का, हे ते तपासून बघत असतं.

यावर उपाय म्हणजे एक टोपली. आई जिथे बसून पाजते तिथेच ती ठेवायची आणि फक्त पाजताना उघडायची. आत चार-पाचच वस्तू: जाड पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक, स्टिकरचा कागद, झाकणं उघडून लावायच्या दोन-तीन रिकाम्या डब्या, पाटी आणि जाड खडू, एका वाटीत चुरमुरे. दर तीन दिवसांनी दोन वस्तू बदला. टोपली दिवसभर उघडी राहिली की तिसऱ्या दिवशी तिचं कौतुक संपतं; बहुतेक घरांत ती याच कारणाने ‘फेल’ जाते. पाजायला बसण्याआधी तीन गोष्टी: मोठ्याला शू करवून घ्या, त्याचं पाणी भरून ठेवा, आईचीही पाण्याची बाटली हाताशी घ्या. आणि एक लक्षात ठेवा, आईचे हात अडकलेले असले तरी तोंड मोकळं असतं. पाजण्याची वेळ ही गोष्टीची वेळ करा. पुस्तक लागत नाही. ‘आज सकाळी तू काय काय केलंस’ हीच गोष्ट तिसऱ्या पुरुषात सांगितली तरी मूल मांडीला टेकून ऐकत बसतं. मोबाईल लावून देणं सोपं आहे, एखाद्या वाईट दिवशी द्याही. पण रोज पाजतानाच दिलात तर दिवसाला आठ-दहा वेळा मागणी येणार, हा हिशेब आधी करा.

बाळ रडलं आणि मोठ्याचं वाक्य अर्धवट आहे, अशा वेळी आपण काय करतो? वाक्य तिथेच तोडून धावतो. पोट भरलेलं, सुरक्षित ठिकाणी निजलेलं बाळ पंधरा-वीस सेकंद रडलं तर काही बिघडत नाही. वाक्य पूर्ण होऊ द्या, मग उठा. त्याहून परिणामकारक म्हणजे मोठ्याला ऐकू जाईल असं बाळाला सांगणं: ‘थांब हं सोन्या, ताई बोलतेय.’ बाळाला काही कळत नाही, पण ताईला सगळं कळतं.

तसंच, बाळाचं नाव नकाराच्या कारणात घालू नका. ‘बाळ झोपलंय म्हणून खाली नाही जायचं’, ‘बाळामुळे उचलून नाही घेता येत’ अशी दिवसाला दहा वाक्यं ऐकली की हिशेब पक्का होतो: हे आलं आणि माझं गेलं. ‘माझे हात आत्ता अडकलेत, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की जाऊ’ असं म्हणा. मुलाला ‘पाच मिनिटं’ समजत नाहीत, शिट्ट्या मोजता येतात. आणि तिसऱ्या शिट्टीला खरंच उठा.

सिझेरियन झालं असेल तर सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही असं सांगतात. तीन वर्षांचं मूल १२ ते १४ किलोचं. त्यामुळे उचलणं बंद, पण जवळ येणं बंद नाही. पलंगाशी एक बुटकं स्टूल ठेवा, त्याला स्वतः चढून आईच्या कुशीला येऊ द्या. टाक्यांवर पाय लागू नये म्हणून पोटावर उशी. घरी येताना बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असावं आणि आईचे हात मोकळे. हे फुकटात होतं, तरी अर्धी घरं विसरतात.

मोठ्याचं रात्रीचं झोपवणं बाबाकडे किंवा आजीकडे द्यायचं असेल तर ते गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यातच सुरू करा. वेगळं अंथरूण, शी-शूची सवय, बालवाडी यांचंही तेच: दोन-तीन महिने आधी, नाहीतर तीन महिने नंतर. त्याच आठवड्यात नको. सवय लागलेली असूनही चड्डी ओली होऊ लागली, बाटली मागितली, बोबडं बोलणं परत आलं, तर रागावू नका, आठवड्या-महिन्याने जातं. अंगावर प्यायला मागितलं तर चमच्यात दोन थेंब चाखायला द्या. बहुतेक मुलं तोंड वाकडं करून निघून जातात.

झोपताना क्रम पाळा: एका बाजूला बाळ त्याच्या स्वतःच्या सपाट अंथरुणावर, पाठीवर, जवळ उशी-लोड काही नाही, मग आई, पलीकडे मोठं मूल. आई आणि मोठ्याच्या मध्ये बाळ कधीच नाही. झोपेत लोळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला अंदाज नसतो. भिंत आणि गादीच्या फटीकडेही बाळाला ठेवू नका. झोळीला किंवा पाळण्याच्या दोरीला मोठं मूल लोंबकळतं, हे गृहीत धरा.

मोठं मूल आणि बाळ खोलीत एकटे ठेवायचे नाहीत, दारावरची बेल वाजली तरी. प्रेमानेच, पण गळ्याला मिठी मारतात आणि प्रेमानेच शेंगदाणा भरवतात. ‘पाय तुझे, तोंड आईचं’ हा नियम करा: हात धुऊन पायांना हात लावायचा, पापी पायाचीच घ्यायची, बाळाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. बालवाडीतून आलेली सर्दीही त्यामुळे जरा लांब राहते. मांडीवर घ्यायचं असेल तर जमिनीवर, भिंतीला टेकून, कोपराखाली उशी आणि मानेखाली मोठ्या माणसाचा हात. (तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर घरचं औषध न देता लगेच डॉक्टरांकडे न्या.)

कामं द्या, पण चिमूटभर. लंगोट आणून दे, ओलं दुपटं बादलीत टाक, मालिश चालू असताना स्वतःच्या बाहुलीला तेल लाव. नाही म्हणाली तर नाही. मोठी मुलगी असेल तर इथे विशेष सांभाळा. तीन वर्षांच्या पोरीला ‘छोटी आई’ करून टाकायची आपल्याला फार हौस. मुलगा असता तर हीच कामं सांगितली असती का, एवढं स्वतःला विचारा.

बडबडीचा बाळाला फायदाच होतो. चार वर्षांची मुलं दोन वर्षांच्या मुलाशी बोलताना आपोआप छोटी, सोपी वाक्यं वापरतात, हे १९७३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात नोंदलेलं आहे. आणि आई-ताईचा संवाद ऐकत वाढणारं धाकटं ‘मी’ आणि ‘तू’चा घोळ जरा लवकर सोडवतं, असं १९९६ च्या एका अभ्यासात दिसलं. कारणही सरळ आहे: दोन माणसं एकमेकांना ‘तू’ म्हणताना ऐकली की ‘तू’ म्हणजे माझं नाव नव्हे, हे कळतं. मराठीत याला आणखी एक गाठ आहे. दिवसभर आईच बोलत असेल तर मुलगाही ‘मी जाते’ म्हणतो. घरात दादा ‘मी जातो’ म्हणत हिंडत असेल तर ती गाठ लवकर सुटत असावी, असा माझा अंदाज. ‘बाळ’ हा शब्दही नपुंसकलिंगी, ‘ते’ रडतं, ‘ते’ झोपतं. तीन वर्षांच्या मुलाला ‘ते’शी काय बोलावं सुचत नाही. बारशाची वाट न बघता मोठ्याला एक तात्पुरतं नाव ठेवू द्या. ‘भोपळा’ ठेवलं तरी चालवून घ्या.

याच काळात काही मुलं अडखळू लागतात: ‘मला-मला-मला... आई, मी ना, मी ना...’ दोन ते पाच वर्षांत हे बऱ्याच मुलांचं होतं, कारण विचार जिभेच्या पुढे धावत असतो. घरातल्या ‘पटकन सांग’ने ते वाढू शकतं. ‘नीट बोल’, ‘हळू बोल’ म्हणू नका, वाक्य पुरं करून देऊ नका. तुमचंच बोलणं संथ करा आणि थांबा. सहा महिन्यांहून जास्त टिकलं, शब्द काढताना चेहरा ताणला जाऊ लागला, किंवा घरात कुणाला तोतरेपणा असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामाची आहे.

पाहुण्यांचं मात्र जमवून घ्यावं लागतं. ‘आता तुझे लाड बंद’, ‘बाळाला आम्ही घेऊन जातो हं’ ही थट्टा तीन वर्षांच्या मुलाला शब्दशः कळते. त्यांना फोनवरच सांगून ठेवा: अशी थट्टा नको, आणि दारात आल्यावर आधी मोठ्याशी बोला, बाळ त्यालाच दाखवू द्या. तो ‘हे माझं बाळ, ह्याला दात नाहीत, कारण...’ असं सुरू करेल आणि ते ‘कारण’ खूप लांबेल. बाळ झोपलेलं असलं तरी लांबू द्या. मांजराच्या आवाजात.