वर्महोल 'बनवलं' म्हणे!

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: 'गुरुत्वाकर्षणाने अवकाश दुमडतं, त्यातून वर्महोल होतं. आइन्स्टाइनने ते सिद्ध केलं, कृष्णविवर हे त्याचं दार, आणि २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत बनवलंसुद्धा.' वर्महोल म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा कल्पित बोगदा. सोबत दुमडलेला कागद आणि त्यातून आरपार घुसवलेली पेन्सिल.

आधी तो कागद. गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाशकाळाची (अवकाश आणि काळ मिळून होणाऱ्या पटाची) वक्रता, इथवर ठीक. पण वक्रता म्हणजे घडी नव्हे. सूर्याला घासून जाणारा ताऱ्याचा प्रकाश वळतो तो जेमतेम १.७५ आर्कसेकंद, म्हणजे तीन किलोमीटरवरच्या इंचभर पट्टीएवढा कोन. १९१९ च्या ग्रहणात हेच वळण मोजलं गेलं. सूर्यासारख्या धुडाची ही करामत! शिवाय कागद कितीही वाकवा, भोक आपोआप पडत नाही. चित्रात ते पेन्सिल पाडते, आणि निसर्गातली पेन्सिल कोणती, यावर मेसेज गप्प.

'आइन्स्टाइनने सिद्ध केलं' हे तर साफ चूक. १९३५ मध्ये त्याने आणि नेथन रोझेनने समीकरणांमधून एक 'पूल' मांडला, पण प्रवासासाठी नाही. कण बिंदूवत मानला की गणितात अनंत उपटतो, तो त्यांना टाळायचा होता. पुढे १९६२ मध्ये फुलर आणि व्हीलर यांनी दाखवलं की हा पूल इतक्या झटकन मिटतो की प्रकाशालाही पलीकडे जाता येत नाही. तो उघडा ठेवायचा तर ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते, हे मॉरिस आणि थॉर्न यांचं १९८८ मधलं गणित. तेवढी ऋण ऊर्जा आणायची कुठून, हे कुणालाच ठाऊक नाही.

कृष्णविवराचं दार? तो पूल फक्त गणितातल्या अनादि, म्हणजे कधीच न बनता कायम असलेल्या, कृष्णविवराचा आहे. तारा कोसळून झालेल्या खऱ्या कृष्णविवराच्या गणितात पलीकडची बाजू येतच नाही.

आता २०२२. गूगलच्या सिकामोर या क्वांटम प्रोसेसरवर (क्वांटम संगणकाच्या चिपवर) ९ क्यूबिट, म्हणजे अशा संगणकातले माहितीचे मूळ घटक, वापरून एक प्रयोग झाला आणि तो 'नेचर'मध्ये छापून आला. एका क्यूबिटमधली माहिती दुसरीकडे कशी पोचते, हे त्यात पाहिलं. ठरावीक प्रकारच्या क्वांटम प्रणालींचं गणित वर्महोलच्या गणिताशी जुळतं, म्हणून हा खटाटोप. त्या चिपमधलं अवकाश यासाठी तसूभरही वाकवलेलं नव्हतं. मुळात ९ क्यूबिटची अवस्था लिहायला ५१२ संमिश्र संख्या पुरतात. साधा लॅपटॉप हे गणित सहज करतो. मग लॅपटॉपमध्येही वर्महोल उघडलं म्हणायचं का?

आणि ते जुळणंही वादातीत नाही. प्रयोग चिपवर बसावा म्हणून वर्महोलशी गणित जुळणाऱ्या प्रणालीचं मूळ प्रारूप मशीन लर्निंगने बरंच छाटलं होतं. छाटून उरलेलं प्रारूप गुरुत्वाकर्षणासारखं वागतच नाही, असा आक्षेप २०२३ मध्ये इतर भौतिकशास्त्रज्ञांनी नोंदवला. मूळ गटाने त्याला उत्तरही दिलं. फॉरवर्डमध्ये यातलं काहीच नाही.